पावसाळी प्रकल्प नोंदी : जुने विनोदी सिनेमे आणि आमचं चतुर्थीचं नाटक

८ जून २०२४

हेतू आधी लिहून ठेवतो, म्हणजे वाडीत कोणी विचारलं की पावसात एवढे जण जमून करता काय, तर वही पुढे करता येईल. चतुर्थीत आपल्या मंडळाचं नाटक असतं, दरवर्षी छापील पुस्तक आणून बसवतो आणि दरवर्षी अर्धे लोक मध्येच उठून भजनाला जातात. यंदा स्वतःचं लिहायचं, विनोदी. पण आमच्याकडे विनोदी म्हणजे एक जण तोतरा, एक जण पिऊन येणारा आणि कोणीतरी कोणाच्या तरी धोतराला हात घालणार, ह्याच्यापुढे गाडी जात नाही.

म्हणून ठरलं की शनिवारी रात्री एक जुना विनोदी सिनेमा बघायचा, सगळ्यांनी पाहिलेलाच, नवीन नको. आधी नुसता बघायचा आणि रविवारी तोच थांबवत थांबवत. वहीत 'मजा आली' असलं काही लिहायचं नाही. लिहायचं ते एवढंच की सीन सुरू झाला तेव्हा कोणाला काय माहीत होतं आणि संपला तेव्हा काय.

मंडळी: सुऱ्या (ट्रॉलरवर असतो, १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद म्हणून घरी), मंदाकाकी (अंगणवाडी), बंटी (कॉलेज, कुडाळ), आप्पाकाका (दशावतारात उभा जन्म घातलेला माणूस, स्त्रीपार्टी करायचे, आता गुडघे गेलेत) आणि मी (झेरॉक्स आणि डीटीपी). जागा आमची पडवी. प्रोजेक्टर उसना, पडदा म्हणजे धुतलेली चादर. भाजलेल्या आठळ्या मंदाकाकीकडून.

१५ जून

'अशी ही बनवाबनवी' लावला. १९८८ चा, सचिनचं दिग्दर्शन, लेखन वसंत सबनीस. पुण्यात खोली मिळेना म्हणून चार मित्रांतले दोघं बायका होऊन राहतात ती गोष्ट. आणि पहिल्याच दिवशी अडचण. कोणी सिनेमा बघतच नाही, सगळे म्हणतायत! पात्राने तोंड उघडायच्या आधी सुऱ्या आणि बंटी वाक्य पूर्ण करतात. परश्या धनंजय मानेंची चौकशी करत येतो तिथे तर बाहेरून छत्री घेऊन चाललेला शेजारी पण ओरडला. मंदाकाकीला लिंबू कलरच्या साडीचा अख्खा सीन दोन्ही बाजूंनी येतो, तो तिने करूनही दाखवला, छान केला पण काम शून्य.

ह्या सिनेमाचं हे जरा वाईट झालंय असं मला वाटतं. मीम आणि रील बघून बघून आपल्याला त्यातली दहा वाक्यं पाठ झाली आणि वाक्यंच विनोदी आहेत असा समज पक्का झाला. सत्तर रुपये वारले हे वाक्य कोणा नवीन माणसाला सुटं ऐकवा, तो तुमच्या तोंडाकडे बघत बसेल. ते हसू घरमालक सरपोतदारांच्या चेहऱ्यातलं आहे, पैसे मागायला जावं तर समोरचा सुतकी चेहरा करून उभा, आता मागायचं कसं.

उद्या आवाज बंद करून बघायचा.

१६ जून

म्यूट प्रयोग झाला. लाईट दोनदा गेली पण झाला.

आवाज बंद केल्यावर पहिल्यांदा कळलं की ह्यात माणसं सारखी दारं उघडतायत आणि लावतायत. कोणीतरी बाहेर थांबवून ठेवतो, आत कोणीतरी धावत जाऊन साडी नेसतो, आणि तेवढा वेळ बाहेरच्याने काहीतरी बोलत राहायचं. म्हणजे ते पाठ असलेले संवाद पुष्कळदा वेळकाढूपणा आहेत, कथेतल्या माणसाला वेळ काढायचा आहे म्हणून तो बोलतोय. हे मला फार आवडलं. आमच्या नाटकात पात्रं बोलतात कारण लेखकाला बोलायचं असतं.

पण आजचा दिवस आप्पाकाकांचा. परश्या, म्हणजे लक्ष्या (लक्ष्मीकांत बेर्डे), पार्वती होऊन पहिल्यांदा येतो तिथे सगळे हसले आणि काका हसले नाहीत. म्हणाले, "पुरुस साडी नेसलो म्हणान हसाचा कित्याक? मी इतकी वर्सां द्रौपदी केलंय, एक माणूस हसाक नाय, बायका रडत रवायच्यो." आणि बरोबर आहे. आपल्याकडे देवळासमोर रात्रभर दशावतार बघणाऱ्या माणसाला बाईच्या वेशातला पुरुष ही विनोदी गोष्टच नाही. मिशी काढून, वेणी घालून, पायपेटीवर सूर लागला की ती बाईच. लहानपणी आम्ही तर स्त्रीपार्टीच्या नटाला दिवसा विडी ओढताना बघून गप्प व्हायचो.

मग इथे का हसतो? काकांना परत तोच सीन दाखवला, ह्या वेळी म्हटलं लक्ष्याकडे बघू नका, घरमालकीण लीलाबाईंकडे बघा. नयनताराबाईंनी ते काम असं केलंय की त्यांना खरंच वाटतंय घरात दोन सुना आल्यात. त्या जीव लावतात. आता काका हसले. साडीत काही नाही, साडीवर जो विश्वास ठेवतो त्याच्यात सगळं आहे.

वहीत मोठ्या अक्षरात: फसणारा माणूस मूर्ख नको, प्रेमळ हवा.

२२ जून

आज तक्ता केला. उभे कॉलम सीनचे, आडव्या ओळी पात्रांच्या, आणि चौकटीत फक्त खूण, ह्या सीनमध्ये ह्याला खरं माहीत आहे का नाही. जुन्या कॅलेंडरच्या पाठीमागे काढला, भिंतीला लावला.

तक्ता बघितल्यावर सबनिसांचा हिशोब दिसतो. सुरुवातीला बाहेर एकच माणूस फसलेला, लीलाबाई. आत चौघं, सगळे एका बाजूला. एवढ्यावर दोन तास निघत नाहीत. मग मनीषा घरात येते, ती फसलेली, आणि सुधा बनलेला सुधीर तिच्या प्रेमात. म्हणजे सुधीर म्हणून तिला भेटायचं आणि सुधा म्हणून तिच्याच घरात राहायचं. मग धनंजयची माधुरी, तिला हा माणूस बिनलग्नाचा वाटतो आणि लीलाबाईंना लग्नाचा, दोन बायका दोन वेगळ्या खोट्यांवर विश्वास ठेवून बसल्यात आणि त्या एकमेकींना भेटू नयेत ही धनंजयची धडपड. शंतनूची सुषमा, परश्याची कमळी. प्रत्येक नवीन माणूस आला की तक्त्यात एक रिकामी ओळ वाढते आणि आतल्या चौघांचं ओझं वाढतं.

आणि ते 'कुणीतरी येणार येणार गं' गाणं. आम्ही सगळे ते बारशाला डोहाळजेवणाला लावतो म्हणून त्याच्याकडे गाणं म्हणूनच बघायचो. पण पटकथेत ते गाणं म्हणजे केवढं मोठं संकट आहे बघा, बायको असल्याचं खोटं एकवेळ सांभाळता येतं, पण आता पार्वतीला दिवस गेलेत आणि नऊ महिने कोणासाठी थांबत नाहीत. गाण्यात सगळे नाचतायत आणि खोट्याला तारीख पडली. इतकं काम करणारं गाणं आत्ताच्या विनोदी सिनेमात मला तरी आठवत नाही.

मूळ कल्पना सबनिसांची नाही, हृषीकेश मुखर्जींचा 'बीवी और मकान' (१९६६) आहे ह्याच्यामागे. बंटीला हे कळल्यावर त्याचा चेहरा पडला, म्हणे मग ह्यात काय मोठं केलं. मोठं हे केलं की गोष्ट अशी मराठी करून टाकली की ती दुसरीकडची वाटतच नाही. सरपोतदार हा घरमालक पुण्याशिवाय कुठे होणार? आणि सबनीस हे 'विच्छा माझी पुरी करा' लिहिणारे, 'सोंगाड्या' (१९७१) लिहिणारे. वगनाट्यातून आलेला माणूस. वगात एका वाक्यावर लोक हसले की नट थांबतो, हसू ओसरू देतो आणि मग त्याच वाक्याला वर एक गाठ मारतो. बनवाबनवीचे संवाद ऐका, अशोक सराफला ती जागा लिहूनच दिलेली आहे.

आप्पाकाका ह्यावर बरंच बोलले. दशावतारात लिहिलेलं काहीच नसतं, आख्यान कुठलं ते रंगायच्या वेळी ठरतं, कोणी कधी यायचं तेवढं बोलून घ्यायचं आणि बाकी सगळं उभ्या उभ्या. त्यांच्या मते लिहिलेल्या नाटकात जीव कमी असतो. मी म्हटलं काका, पण तुम्हाला गोष्ट सगळ्यांना पाठ आहे ह्याचा आधार असतो. कीचक कधी मरणार हे म्हातारीपासून पोरापर्यंत माहीत. आमच्याकडे तो आधार नाही म्हणून तक्ता. पटलं का नाही कळलं नाही, आठळ्या घेऊन गेले.

२९-३० जून

'सम लाइक इट हॉट' (१९५९). बिली वाइल्डर आणि आय. ए. एल. डायमंड ह्या जोडीने लिहिलेला. इंग्रजी, तेही कृष्णधवल, म्हणून मला वाटलं लोक पळणार. सबटायटल मंदाकाकीसाठी बंटी मोठ्याने वाचत होता, अर्ध्या तासाने काकी म्हणाली वाचू नको, कळतंय.

गोष्ट अशी, १९२९ चं शिकागो, दोन फाटके वादक चुकून गुंडांनी केलेलं हत्याकांड बघतात, आता जीव वाचवायचा तर शहर सोडायला हवं आणि शहराबाहेर जाणारी नोकरी एकच, बायकांच्या वाद्यवृंदात. म्हणून साड्या, म्हणजे फ्रॉक.

सुऱ्याने पहिल्यांदा पकडलं ते बरोबर पकडलं. "ह्येंका मरणाची भीती आसा. थंय नुसता भाडा." बनवाबनवीत पकडले गेले तर घर जाईल, इथे पकडले गेले तर गोळी. तरी दोन्हीकडे हसू सारखंच येतं. म्हणजे धोका किती मोठा ह्याने फरक पडत नाही, पात्राला तो किती मोठा वाटतो ह्याने पडतो. पुण्यात खोली मिळत नाही ही गोष्ट परश्यासाठी गोळीएवढीच आहे.

अजून एक साम्य मला रात्री उशिरा सुचलं. दोन्हीकडे दारावर एक नियम आहे. लीलाबाईंचा नियम, फक्त जोडप्यांना जागा. बॅंडचा नियम, फक्त बायका. नियम नसता तर सोंग कशाला? नियम जितका ठाम तितकं सोंग मोठं. हे दुसऱ्या सिनेमांत बघायचं.

तो माराकासचा सीन रविवारी तीनदा बघितला. जॅक लेमन बाईच्या वेशात एका म्हाताऱ्या श्रीमंताशी लग्न ठरवून आलाय, खूश आहे, आणि मित्र त्याला शुद्धीवर आणायला बघतोय. लेमनच्या हातात माराकास, म्हणजे खुळखुळे, दिलेत आणि प्रत्येक वाक्यानंतर तो ते वाजवत दोन गिरक्या मारतो. हे वाइल्डरने मुद्दाम केलं, थिएटरात लोक हसतात त्यात पुढचं वाक्य बुडतं, म्हणून हसायला जागा ठेवली. आप्पाकाका उठून उभे राहिले, गुडघे धरून. म्हणाले हे आमचं पखवाज आणि झांज. संकासुर बोलला की झांजेचा तुकडा पडतो तो कशाला असतो मग!

शेवटचं वाक्य मी इथे लिहीत नाही, ज्यांनी पाहिला नसेल त्यांनी बघा. फक्त एवढं की डायमंडने ते सुचवलं तेव्हा दोघांनाही ते तात्पुरतं वाटलं होतं, पुढे चांगलं सुचलं तर बदलू म्हणून ठेवलेलं. चांगलं सुचलं नाही.

७ जुलै

पाऊस. बघणं नाही. सुऱ्याच्या खळ्यात पाणी, बंटी कुडाळलाच अडकला, आणि ज्यांची शेती आहे त्यांची लावणी चालू. संध्याकाळी कंबर मोडून आलेल्या माणसाला पटकथा कुठे सांगणार.

फक्त एक ओळ लिहितो. बनवाबनवीतल्या चौघांनी पहिल्यांदा खोटं बोलायचं ठरवलं तो सीन छोटा आहे, चर्चा जास्त नाही. आमच्याकडच्या लेखनात इथे चार पानं जातात, 'अरे पण हे बरोबर आहे का' वगैरे. प्रेक्षक खोटं ऐकायला आलाय, त्याला ताटकळत ठेवू नये.

१४ जुलै

दिवाणखवटीजवळ दरड आली, कोकण रेल्वे बंद. मंदाकाकीचा मुलगा मुंबईहून निघालेला तो वाटेत. ती फोन घेऊन बसली होती पण म्हणाली लावा, मी बघते, नुसतं बसून काय करू.

'गोलमाल' (१९७९) लावला. हृषीदा परत. संवाद राही मासूम रझांचे. इथे नियम बघा कोणाचा, उत्पल दत्तच्या भवानीशंकरचा, ज्याला मिशी नाही तो माणूस नाही आणि तरुणाने खेळाबिळाच्या नादी लागू नये. आता हा नियम वेडा आहे, म्हणून अमोल पालेकरने आखूड कुर्ता घालून मुलाखतीत खोटं बोललं तरी आपल्याला त्याचा राग येत नाही. हा मुद्दा आमच्यासाठी महत्त्वाचा, कारण खोटं बोलणारं पात्र लोकांना आवडायला हवं.

ह्या सिनेमाचा तक्ता वेगळा निघाला. इथे फसलेली माणसं वाढत नाहीत फारशी, खोटं वाढतं. शिडी काढली:
नोकरीसाठी साधा माणूस असल्याचं सोंग.
रजेसाठी आईचं आजारपण, आणि आई तर हयातच नाही.
मॅच बघताना साहेबाने बघितलं, म्हणून बिनमिशीचा जुळा भाऊ.
जुळा भाऊ साहेबाच्या मुलीला गाणं शिकवायला हवा, म्हणून मिशी जाणार आणि खोटी मिशी येणार.
साहेब आईला भेटायला घरी, म्हणून आई पैदा करा.

एकही पायरी लेखकाने वरून टाकलेली नाही. प्रत्येक पायरी आधीच्या पायरीला वाचवायला आलीय. मंदाकाकी म्हणाली आमच्या अंगणवाडीतली पोरं अशीच बोलतात, एक लाडू खाल्ला ते लपवायला मांजर येतं, मांजराला लपवायला कुत्रा येतो. दीना पाठक मागच्या बाजूने घुसून आई होतात त्या सीनला ती डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली, आणि तेवढ्यात मुलाचा फोन आला की गाडी उभी आहे, चहा मिळालाय.

२१ जुलै

'सिटी लाइट्स' (१९३१). बोलपट येऊन तीन-चार वर्षं झाली होती आणि चॅप्लिनने तरी हट्टाने मूकपट केला, फक्त संगीत घातलं. सगळा नाही लिहीत, एकच सीन.

अडचण अशी की आंधळ्या फुलवालीला हा फाटका भटक्या श्रीमंत वाटायला हवा. कसा वाटेल? तो बोलू शकत नाही, सिनेमाच मुका. ती बघू शकत नाही. वहीत आधी आम्ही प्रत्येकाने आपापला उपाय लिहिला, मग सीन बघितला. सुऱ्याने लिहिलेलं, कोणाचा तरी सेंट लावून येतो. वाईट नाही. बंटीने लिहिलं, मित्र येऊन त्याला साहेब म्हणतो.

चॅप्लिनने काय केलं? भटक्याला समोरचा पोलीस चुकवायचाय, म्हणून तो रस्त्यात उभ्या असलेल्या मोठ्या गाडीत एका बाजूने शिरतो आणि दुसऱ्या बाजूने फुटपाथवर उतरतो. दार लागल्याचा आवाज तिला येतो. गाडीतून उतरला म्हणजे साहेब. मग खरा मालक येऊन गाडीत बसून निघून जातो, तिला वाटतं साहेब सुटे पैसे न घेता गेले. आणि हा तिथेच उभा, त्याला कळलंय तिला काय वाटलं ते, आता हलता येत नाही, चवड्यांवर बाजूला होतो. आपल्याला दाराचा आवाज ऐकूच येत नाही हो, मूकपट आहे! तरी अख्ख्या सिनेमाची गोष्ट त्या आवाजावर उभी. ह्या एका भेटीच्या सीनला ३४२ टेक झाल्याची नोंद आहे, आणि ते पटतं, कारण बघताना तो सोपा वाटतो.

इथे पहिल्यांदा तक्ता अपुरा पडला. तिला खोटं सांगितलंच नाही कोणी, तिचं तिनेच समजून घेतलं. असा एक सीन आपल्या नाटकात हवाच.

२७ जुलै

सुऱ्याचा ह्या सीझनचा शेवटचा शनिवार, १ ऑगस्टपासून तो समुद्रात, म्हणून त्याच्या पसंतीचा 'धुमधडाका' (१९८५). महेश कोठारेंचा. हीच गोष्ट आधी श्रीधर ह्यांनी तमिळमध्ये 'कादलिक्क नेरमिल्लै' (१९६४) म्हणून केली, मग हिंदीत 'प्यार किये जा' (१९६६), मग आपला.

खरं सांगायचं तर पटकथा म्हणून बनवाबनवीच्या पुढे हा सैल आहे, तक्ता काढायला घेतला आणि कंटाळा आला. पण एक सीन तीन भाषा ओलांडून आला तो का, हे शोधायला आम्ही तिन्ही काढून बसलो. सिनेमा काढायचं वेड असलेला मुलगा बापाला भुताची गोष्ट ऐकवतो. तमिळमध्ये नागेश आणि बालय्या, हिंदीत मेहमूद आणि ओम प्रकाश, मराठीत लक्ष्या आणि शरद तळवलकर. गोष्टीत भूत कधी येतच नाही! नुसते आवाज, दार, पावलं, वारा. सांगणारा जीव तोडून सांगतोय पण सीन ऐकणाऱ्याचा आहे, बाप हळूहळू खुर्चीत मागे सरकतो, घाम पुसतो, आणि आपण बापाला हसतो. हा तोच बाप आहे जो पैशाच्या बाबतीत कोणाच्या बापाला घाबरत नाही. तळवलकरांचा चेहरा बघाच एकदा आवाज बंद करून.

अशोक सराफचं ते व्याख्या विख्खी, ते तर पाईपचा ठसका आहे, खोट्या श्रीमंत बापाच्या सोंगातला. पण त्याचा उपयोग बघा, उत्तर सुचत नसेल तेव्हा ठसका. परत वेळकाढूपणा! सोंग घेतलेल्या माणसाला विचार करायला वेळ लागतो आणि तो वेळ कसा भरायचा ह्यातच नटाची मजा.

सुऱ्या जाताना म्हणाला माझ्यासाठी पार्ट ठेवा, छोटो चलात, पण चतुर्थीक मी घराक आसतलंय.

४ ऑगस्ट

गोष्ट ठरली. तीन आठवडे नियम शोधत होतो, कसला नियम असा आहे जो कोकणात प्रत्येक घराच्या दारावर आहे आणि ज्याच्यापुढे भले भले हात टेकतात. शेवटी समोरच होता. सातबारा.

तर असं: दोन भाऊ, वडिलोपार्जित काजूची बाग, पडीक. मुंबईचा एजंट घ्यायला तयार, पण त्याची अट, सगळे सहहिस्सेदार समोर हवेत, इसार त्याशिवाय नाही. सातबारावर नावं ढीगभर, त्यातले सगळे कसेबसे जमवले, एक आत्या सोडून. आत्या भांडून मुंबईला गेली ती गेली. इसाराचे पैसे हवेत कारण घराचं छप्पर यंदा गेलंय आणि गणपती बसवायचा कुठे. म्हणून शेजारचा दशावतारी म्हातारा आत्या होणार. आप्पाकाका, अर्थात.

काका म्हणाले माका हसवूक सांगू नकात, मी बाई करतलंय. मी म्हटलं तेच पाहिजे, तुम्ही अगदी खरी आत्या करा, हसायचं काम एजंट करेल. एजंटला आत्या इतकी आवडते की तो तिला आपली मेलेली आजी आठवून पाया पडतो, घरी न्यायचं म्हणतो. प्रेमळ फसणारा माणूस. आणि मध्यावर खरी आत्या येणार, चाकरमान्यांच्या गाडीने.

१० ऑगस्ट

'जाने भी दो यारों' (१९८३), कुंदन शाह. मुद्दाम शेवटी ठेवलेला, कारण तो महाभारताचा सीन. बिल्डर, संपादक, सगळे एका प्रेताच्या मागे, प्रेत म्हणजे सतीश शहाचा कमिशनर डिमेलो, आणि ते प्रेत चालू नाटकात द्रौपदी म्हणून उभं. स्टेजवर खरे नट गोंधळलेत, प्रॉम्प्टर गोंधळलाय, आणि द्रौपदीला वस्त्रहरणापासून वाचवायला दुर्योधनच पुढे येतो.

इथे वाडीतलं प्रत्येक माणूस ओरडणार की हे तर आपलं 'वस्त्रहरण'! गंगाराम गवाणकरांचं मालवणी नाटक, मच्छिंद्र कांबळींचा तात्या सरपंच, १९८० सालचं, ह्या सिनेमाच्याही आधीचं. गावातले नट महाभारत करायला जातात आणि सगळा सत्यानाश. दोन्हीकडे द्रौपदीच का? आप्पाकाकांचं उत्तर असं की कारण ती गोष्ट कोणी मोडली तर लगेच कळतं. हे मला एकदम पटलं. 'वस्त्रहरण' मध्ये आणि ह्या सीनमध्ये तक्त्याची गरजच नाही, कारण पुढे काय व्हायला हवं हे प्रत्येकाला माहीत आहे, प्रत्येक चूक आपोआप दिसते. सोंगाच्या विनोदात लेखक प्रेक्षकाला माहिती देतो, मोडतोडीच्या विनोदात प्रेक्षक माहिती घरून घेऊन येतो.

आमच्या गोष्टीत हे कुठे वापरता येईल? वापरायचं: इसार देतानाचा सीन आरतीच्या वेळी. आरती सगळ्यांना पाठ, ती चुकू शकत नाही, थांबू शकत नाही, आणि तिच्या चालीतच भाऊ एकमेकांना निरोप देणार की खरी आत्या गेटात आलीय.

१८ ऑगस्ट

पहिला खर्डा वाचला. लांब झालाय. मंदाकाकीने दोन सीन सरळ फाडले, एजंटचं मुंबईतलं घर आणि भावांचं तत्त्वज्ञान. तिच्याशी वाद घालून उपयोग नसतो.

मोठं भांडण दुसऱ्याच गोष्टीवर. बंटीला हवं होतं की खरी आत्या यावी हे लोकांना आधी कळू नये, एकदम धक्का द्यावा. मी भिंतीवरच्या तक्त्याकडे बोट दाखवलं. बनवाबनवीत आपल्याला कधी धक्का बसतो का? नाही. आपल्याला सगळं आधी माहीत असतं, म्हणून दाराची कडी वाजली की पोटात गोळा येतो. धक्क्याने लोक एकदा 'अरे' म्हणतील. आधी सांगितलं तर ती गेटात आल्यापासून पडवीत पाय ठेवेपर्यंत हसतील. शेवटी खरी आत्या पहिल्याच प्रवेशात फोनवर येते, 'मी येतंय चतुर्थीक' एवढंच बोलते, आणि तो फोन घेणारं लहान पोर घरात कोणाला सांगायचं विसरतं. प्रेक्षकांना माहीत, घराला नाही.

३१ ऑगस्ट

तालीम. आरतीचा सीन बसत नव्हता, टाळ वाजले की वाक्यं बुडतात. मग वाइल्डरचे खुळखुळे आठवले, वाक्य नेहमी टाळ थांबतात तिथेच टाकायचं, आरतीत तशा जागा आहेतच, कडवं संपलं की. आप्पाकाकांनी एका तालमीत ते लावून दिलं, पखवाजवाल्या पोराला डोळ्याने खुणा करून.

काकांनी संहिता पाठ केलेली नाही. करणारही नाहीत. कोणी कधी यायचं ते पक्कं, वाक्यं रोज वेगळी, आणि एजंट करणारा बंटी रडकुंडीला येतो. पण त्या रडकुंडीला आलेल्या चेहऱ्याला लोक हसतायत, तेव्हा मी गप्प.

१० सप्टेंबर

काल प्रयोग झाला. पाऊस नव्हता. कोणी उठून गेलं नाही, भजनी मंडळी पण मागे उभी राहिली.

कामाच्या नोंदी. फोनचा सीन चालला, त्यानंतर ते पोर स्टेजवर नुसतं दिसलं तरी लोक हसत होते, त्याला अजून एक फेरी द्यावी. एजंट पाया पडतो तिथे हसू कमी आणि शांतता जास्त आली, दोन बायका डोळे पुसत होत्या, काकांचं काम एवढं खरं झालं. विनोदी नाटक म्हणून ते बरं का वाईट ह्यावर बंटीचं आणि माझं अजून जमत नाही. आरतीत प्रेक्षकच टाळ्या वाजवत आरती म्हणायला लागले, ती आम्हाला थांबवता आली नाही, पूर्ण झाली, घालीन लोटांगण पण झालं, आणि मग भाऊ पुढचं वाक्य बोलला. पुढच्या वेळी ते धरूनच लिहायचं.

सुऱ्याला खऱ्या आत्याची बॅग घेऊन येणारा रिक्षावाला दिला होता, एक वाक्य. त्याने ते भाड्यावरून घासाघीस करत बरंच लांबवलं, तेवढ्यात आत काका लुगडं सोडून धोतर नेसत होते.

शेजारच्या वाडीने तुळशीच्या लग्नाला प्रयोग मागितलाय. संहितेच्या सहा प्रती काढणे, सातव्या पानावरचा तिसरा भाऊ गाळणे, उसना प्रोजेक्टर परत देणे. दिवाळीनंतर मंदाकाकीला 'ब्रह्मचारी' (१९३८) बघायचाय, मास्टर विनायक आणि आचार्य अत्रे. लग्न न करायची शपथ घेतलेला औदुंबर, म्हणजे नियम ह्या वेळी त्याने स्वतःच स्वतःला घातलेला. नवीन कॅलेंडर कोणाकडे जुनं झालं असेल तर बघून ठेवणे.